पाणी येईपर्यंत

महाशिवरात्र जवळ आली की नेरूळच्या आमच्या महिला मंडळात पहिला प्रश्न निघायचा तो भरतीचा. बस कुणाची, फराळाचं कोण बघणार, हे सगळं मागाहून. दरवर्षी त्या दिवशी आमचं मंडळ घारापुरीला, म्हणजे एलिफंटाच्या बेटावर, जायचं आणि तिथलं वेळापत्रक समुद्र ठरवायचा.

माघ वद्य चतुर्दशी म्हणजे अमावास्येच्या तोंडावरचे उधाणाचे दिवस. सकाळी अकराच्या सुमाराला पाणी भरतं आणि संध्याकाळी पाचपर्यंत पार उतरतं. उरणच्या मोरा बंदरात गाळ एवढा की मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही. म्हणून सकाळी नऊच्या आत लाँचमध्ये बसायचं आणि तीनच्या आत परतीला लागायचं. नेरूळला राहून, खारफुटीपलीकडची खाडी रोज बघूनही मला भरतीची वेळ तिथीवरून सांगता येते हे ठाऊक नव्हतं. ते या सहलींनी शिकवलं.

मंडळाच्या अध्यक्ष काकूंची मोजणीची पद्धत निराळी होती. जेवढ्या बायका, तेवढीच बेलाची त्रिदळं त्या आदल्या रात्री निवडून, ओल्या फडक्यात गुंडाळून आणायच्या. लाँचमध्ये पाय ठेवला की प्रत्येकीच्या हातात एक पान. पान उरलं तर कुणीतरी धक्क्यावर राहिलं. हजेरीचा कागद आम्ही कधी केलाच नाही.

घारापुरीची लेणी सहाव्या शतकाच्या आसपासची, आणि १९८७ पासून जागतिक वारसा. इतर दिवशी तिथे तिकीट काढून जायचं, बघायचं, परतायचं. शिवरात्रीला मात्र त्याचं देऊळ होतं. शेतबंदर, मोराबंदर (उरणचं मोरा वेगळं), राजबंदर या बेटावरच्या तिन्ही गावांची माणसं, उरण-पनवेलची, कोळीवाड्यांतली, सगळी पायऱ्या चढत असतात. चार दारांच्या गाभाऱ्यापाशी ते प्रचंड द्वारपाल उभे, आणि आत पिंडीवर बेलाचा ढीग. दगडाचा गारवा, ओल्या फुलांचा वास आणि ‘हर हर महादेव’ खांबांमधून घुमत परत येणारं. तो आवाज आठवला की अजून अंगावर काटा येतो.

मग त्रिमूर्ती. जवळजवळ वीस फूट उंच. शाळेत आम्हाला ब्रह्मा, विष्णू, महेश असं शिकवलेलं. काकूंनी तिथे उभं करून सांगितलं की अभ्यासक तिन्ही मुखं शिवाचीच मानतात. आपल्या डाव्या हाताचा उग्र अघोर, उजवीकडचा हातात कमळ घेतलेला सौम्य वामदेव, मधला मिटल्या डोळ्यांचा शांत. आजूबाजूच्या कितीतरी मूर्तींचे हातपाय तुटलेले, आणि हे तीन चेहरे मात्र एवढे राखलेले! मला वाटतं, ते बघायला माणसाने एकदा तरी गर्दीतच जावं.

बायका सगळ्यात जास्त रेंगाळायच्या त्या शिवपार्वतीच्या लग्नापाशी. पार्वतीची ती किंचित झुकलेली मान! मंडळातल्या वर्षाच्या आतल्या सुनेने तिथे उखाणा घ्यायचा, हा आमचा रिवाज. माझाही तिथेच झाला, आणि अनोळखी बायकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

फराळ झाडाखाली. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, उकडलेली रताळी, आणि शिवरात्र म्हणून गूळ घालून कवठाची चटणी.

पर्यटन महामंडळाच्या एलिफंटा महोत्सवालाही आम्ही काहीजणी एकदा गेलो होतो. शास्त्रीय संगीत, नृत्य, दिव्यांचा झोत. सुंदरच होतं सगळं. पण तिथे आम्ही पाहुण्या होतो. शिवरात्रीला आम्ही यात्रेतल्या असायचो.

एका वर्षी मात्र चुकलो. दोघीजणी दुसऱ्या लेण्यांकडे गेल्या, त्यांना शोधण्यात तास गेला, आणि खाली आलो तोवर लाँचवाल्याने मान हलवली. मोऱ्याला आता लागणार नाही. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा, मांडीवर पेंगलेला. गावातल्या एका मावशींनी ओसरीवर चटई टाकली आणि म्हणाल्या, “पानी येवंदे, मंग जा.” चूल पेटवून त्यांनी चाळीस जणींचा चहा केला. पैसे घेतले नाहीत.

तेव्हा बेटावर वीज नव्हती. संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा, तेवढाच उजेड. चंद्र नसलेली रात्र. समोर पाण्यापलीकडे जेएनपीटी बंदराच्या क्रेन दिवाळीसारख्या झगमगत होत्या आणि आम्ही बसलो होतो तिथे एकमेकींचे चेहरे दिसत नव्हते. एवढं जवळ असून त्या उजेडातलं काहीच इकडे पोचत नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं. कुणीतरी हळू आवाजात आरती सुरू केली, मावशींच्या सुना येऊन बसल्या. साडेआठला पाणी आलं तेव्हा उठवेना.

फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून केबल टाकून वीज आली. बातमी वाचताना मला ती ओसरीच दिसली.

आता जाणंही सोपं झालंय. जानेवारी २०२४ पासून नेरूळहून उरणपर्यंत लोकल आहे, पुढे रिक्षा. त्याच महिन्यात सुरू झालेला अटल सेतू बेटावरून लांबवर दिसतो. लाईफ जॅकेटचा बंद आता मी स्वतः एकेकीचा ओढून बघते. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला जो अपघात झाला, त्यानंतर मन घट्ट करावं लागलं.

काकूंचे गुडघे पायऱ्यांना नाही म्हणतात. गेल्या खेपेला त्यांनी बेल तेवढा घरी निवडून पाठवला, त्याच ओल्या फडक्यात. लाँचमध्ये मी वाटला. एक पान उरलं. कोण राहिलं म्हणून धक्क्याकडे हाका मारल्या, पुन्हा मोजलं. सगळ्या होत्या. काकूंनी स्वतःलाही धरलं होतं.

ते पान मी पिंडीवर वाहिलं.