दुःखाच्या घरी बनाना पुडिंग

सोमवार, १३ जुलै. मेम्फिस, अमेरिका.

इथे बनाना पुडिंगवरून दोन तट आहेत. एका तटाचं म्हणणं, अंड्याच्या बलकाचं कस्टर्ड गॅसवर दाट करायचं, वर पांढऱ्या भागाचं मेरिंग (साखर घालून फेटलेला फेस) चढवायचं आणि ओव्हनमध्ये तपकिरी होऊ द्यायचं, तरच ते खरं. दुसऱ्या तटाला ओव्हन लागतच नाही. डब्यातलं कंडेन्स्ड मिल्क, इन्स्टंट पुडिंगचा पुडा, फेटलेली क्रीम, व्हॅनिला वेफर बिस्किटं आणि पिकलेली केळी. थर लावायचे आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. मी दुसऱ्या तटातली. शनिवारी केलं ते हेच, आणि ते ज्या घरी नेलं त्या घराबद्दल लिहून ठेवायचं आहे.

शेजारचे आजोबा गुरुवारी गेले. आयुष्यभर रेल्वेत होते. मूळचे फुल्टनचे. मेम्फिसच्या उत्तरेला, केंटकी आणि टेनेसीच्या सीमारेषेवरच वसलेलं हे छोटं गाव. आम्ही या घरात राहायला आलो तेव्हा कुंपणापलीकडून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला होता की तुमच्या गावाकडे काय पिकतं. मी म्हटलं, केळी. माझं माहेर रावेरचं, तापीकाठचं. ते ऐकून त्यांनी हातातला पाइप खाली ठेवला, बागेचं पाणी तसंच वाहू दिलं आणि केळीच्या गाड्यांबद्दल बोलत राहिले.

कारण फुल्टन हे केळीच्याच गाड्यांवर मोठं झालेलं गाव. मध्य अमेरिकेतून केळी बोटीने न्यू ऑर्लीन्सला उतरायची आणि इलिनॉय सेंट्रलच्या मालगाड्यांतून शिकागोकडे निघायची. वाटेत फुल्टनला गाड्या थांबवून डब्यांत पुन्हा बर्फ भरायचा, केळी किती पिकली ते तपासायचं, मग पुढे सोडायचं. त्यांचे वडील त्या बर्फाच्या कामावर होते. १९६३ पासून त्या गावात केळ्यांचा मोठा उत्सव भरू लागला आणि त्यात एक टन बनाना पुडिंग करून वाटायचे. एक टन! आजोबांनी ते खाल्लेलं होतं. मी त्यांना आमच्याकडचं सांगितलं: सावदा आणि रावेर स्टेशनवर वॅगन लागायच्या, दिल्लीला माल जायचा, कापणीच्या दिवसांत बाबा रात्री उशिरा घरी यायचे आणि त्यांच्या सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग असायचे. चिकाचा डाग धुऊन जात नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. मेम्फिसमध्ये हे दुसऱ्या कुणाला समजलं असतं?

त्यांना आणखी एक गोष्ट सांगायला फार आवडायची. त्यांच्या लहानपणी येणारं केळं आणि आताचं केळं एक नव्हे. तेव्हा ग्रो मिशेल यायचं, जाड सालीचं. घडच्या घड गाडीत भरले तरी खराब व्हायचं नाही. पनामा रोगाने त्या बागा बसल्या, आणि १९६०च्या आसपास त्याची जागा कॅव्हेंडिशने घेतली. त्याची साल नाजूक, म्हणून ते खोक्यांतून यायला लागलं. आज इथल्या दुकानात ग्वाटेमालाचं म्हणून जे मिळतं आणि रावेरला बाबांच्या शेतात जे ग्रँड नैन उभं आहे, ते दोन्ही कॅव्हेंडिशच. ते सांगितल्यावर आजोबा म्हणाले होते, मग आपण एकाच बागेतलं खातो की.

गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या दारात गाड्या लागल्या. जो तो हातात काहीतरी घेऊन आत जात होता. इथल्या दक्षिणेतली ही पद्धत मला मनापासून आवडते. कुणी गेलं की शेजारीपाजारी, चर्चची माणसं, नातेवाईक, सगळे शिजवलेलं घेऊन येतात. तळलेली कोंबडी, मॅक अँड चीज, घेवड्याच्या शेंगा, हॅम. काचेच्या ट्रेच्या तळाला मास्किंग टेपची पट्टी चिकटवून त्यावर आपलं नाव लिहायचं, म्हणजे भांडं परत पोचतं. आपल्याकडेही दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, भाऊबंद आणि शेजारी पिठलं-भाकरी पोचवतात. इतकं सगळं ओळखीचं. फक्त एका गोष्टीशी मी अडले.

टेबलावर गोड होतं. पहिल्याच दिवशी. पाउंड केक, पीच कॉब्लर, आणि जागा राखून ठेवल्यासारखा मधोमध बनाना पुडिंगचा ट्रे.

आमच्याकडे तेराव्याच्या गोड जेवणापर्यंत घरात गोड शिजत नाही. आजी गेली तेव्हा माझा धाकटा भाऊ साखरेच्या डब्याजवळ गेला तरी काकू त्याला हळूच बाजूला घ्यायच्या. हा नियम मी कधी कुणाकडून शिकले नाही, तो अंगातच आहे. शेजारच्या आजोबांची बायको, म्हणजे माझ्यासाठी आजी (इथे वडीलधाऱ्या बाईला मॅम म्हणतात, मीही तोंडावर मॅमच म्हणते, पण मनात त्या आजीच) माझा हात धरून म्हणाल्या, ‘हनी, त्याला तुझ्या गावच्या केळीच्या गोष्टी फार आवडायच्या. तूही पुडिंग कर ना.’ मी हो म्हटलं आणि घरी आले. हो म्हटलं खरं, पण हात धजेना.

आईला फोन लावला. रावेरला सकाळ झाली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘त्यांच्यात चालतं ना गं?’ मी म्हटलं, चालतं, त्यांनीच सांगितलंय. ‘मग त्यांच्या घरी त्यांच्या रीतीने जायचं. आपलं सुतक आपल्या घरी. आणि चांगलं पिकलेलं केळं घे, हिरवट देठाचं घेऊ नको.’ लगेच पुढे बाबांच्या गुडघ्याबद्दल बोलायला लागली. आईचं असंच असतं. अवघड गोष्ट दोन वाक्यांत मोकळी करते.

तर शनिवार. बाहेर ३५ अंश. अशा उन्हाळ्यात ओव्हन न लावणारा तट का वाढला ते वेगळं सांगायला नको.

केळी आधीच घरात होती, कागदी पिशवीत सफरचंदाबरोबर ठेवलेली. सालीवर तपकिरी ठिपके यायला लागले की ते पुडिंगचं केळं. पूर्ण पिवळं, डाग नसलेलं केळं दिसायला सुंदर पण त्यात पिठूळपणा उरलेला असतो, आणि थंड झाल्यावर तो जास्तच जाणवतो. काळं पडलेलं घेतलं तर दुसऱ्या दिवशी पाणी सुटतं. ठिपक्यांचं हवं. साल बोटाने दाबली की थोडी बसावी, आत मात्र काप उभा राहायला हवा.

कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, ३९६ ग्रॅमचा, त्यात दीड कप बर्फासारखं थंड पाणी. मग इन्स्टंट व्हॅनिला पुडिंगचा ९६ ग्रॅमचा पुडा. दोन मिनिटं फेटायचं आणि फ्रिजमध्ये ठेवायचं. पुड्यातला स्टार्च आधीच शिजवून वाळवलेला असतो, म्हणून तो थंडातही फुगतो. सोबत फॉस्फेट असतं, ते दुधातल्या प्रथिनांशी मिळून दाटपणा आणतं. म्हणूनच सोया दुधात हे जमत नाही. पाणी घालतो तरी चालतं, कारण लागणारं दूध त्या डब्यात आटून बसलेलं असतं. याला न शिजवलेलं पुडिंग म्हणतात, पण बघितलं तर यात कच्चं केळ्याशिवाय काहीच नाही. दूध आधीच आटवलेलं, स्टार्च आधीच शिजलेला, बिस्किटं आधीच भाजलेली. शिजवण्याचं काम दुसऱ्या कुणी, दुसरीकडे उरकलेलं असतं.

क्रीम मात्र मी ताजीच घेते. बऱ्याच जणी कूल व्हिपचा, म्हणजे तयार फेटलेल्या क्रीमसारख्या टॉपिंगचा, डबा उघडतात. १९६६ पासून ते या पुडिंगात इतकं मुरलंय की त्याच्याशिवाय कित्येकांना चव ओळखीची वाटत नाही, आणि त्यांचं चुकतही नाही. पण मला दुधाची चव लागते. दोन कप हेवी क्रीम. भांडं आणि फेटणी अर्धा तास फ्रीझरमध्ये, कारण क्रीमची चरबी थंड आणि घट्ट असेल तरच ती हवा धरून ठेवते. फेटणी उचलल्यावर टोक उभं राहून किंचित वाकलं की थांबायचं. आधी थोडीशी क्रीम पुडिंगात मिसळून ते सैल करायचं, मग उरलेली खालून वर हलक्या हाताने.

थर लावणं हे माझं सगळ्यात आवडतं काम. तळाला बिस्किटं अगदी चिकटून, मग केळ्याचे पाव इंची काप, मग पुडिंग काठापर्यंत पसरून. कापाचा एक कोपराही उघडा ठेवायचा नाही, हवा लागली की तो काळवंडतो. परत बिस्किटं, परत केळी, परत पुडिंग. सगळ्यात वर केळं कधीच नाही. शनिवारी तो काचेचा ट्रे मी उजेडाकडे धरून बाजूने बघितला. बिस्किटांच्या गोल कडा आणि मधे केळ्याच्या कापांतलं ते तीन भागांचं बारीक नक्षीकाम काचेला लागून दिसत होतं. केळीच्या माणसाला ते नक्षीकाम लांबूनही ओळखू येतं.

आणि मग थांबायचं. हाच खरा भाग. चार तासांत काढलं तर बिस्किट मधे कडक लागतं आणि सगळं सुटं सुटं वाटतं. रात्रभरात बिस्किट पुडिंगमधला ओलावा ओढून घेतं आणि चमच्याने केकसारखं कापलं जातं. त्याचा आकार राहतो, कडकपणा जातो. मंडळाच्या कार्यक्रमासाठी अंडं न खाणाऱ्यांना करते तेव्हा मी मारी बिस्किट घेते, कारण व्हॅनिला वेफरमध्ये अंडं असतं. मारी मऊ व्हायला जास्त वेळ घेतं, त्याला पूर्ण रात्र द्यावीच लागते.

गंमत म्हणजे हा पदार्थ मूळचा दक्षिणेचाच असं कागदोपत्री दिसत नाही. १८८८ मध्ये एका मासिकात तो स्पंज केक घालून छापून आला होता आणि व्हॅनिला वेफरची कृती १९२१ मध्ये इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनच्या वर्तमानपत्रात आली. पण घरात घेतला तो दक्षिणेने. चर्चची जेवणं, कुटुंबांची संमेलनं, मर्तिकं, जिथे एका भांड्यातून वीस माणसांना वाढायचं असतं तिथे तो पोचला आणि तिथेच राहिला. मला यात वाद घालण्यासारखं काही वाटत नाही. ज्यांनी इतक्या प्रेमाने वाढलं, त्यांचा तो.

काल दुपारी चर्च सुटल्यावर ट्रे घेऊन गेले. तळाला टेपची पट्टी, त्यावर माझं नाव. दारातच आजींच्या धाकट्या बहिणीने तो हातात घेतला, झाकण उचलून बघितलं, आणि विचारलं, ‘मेरिंग नाही?’ त्या पहिल्या तटातल्या. मी म्हटलं, ‘नाही, मॅम.’ त्या काही बोलल्या नाहीत. वाढून घेतलं, खिडकीजवळ उभ्या राहून खाल्लं, आणि दुसऱ्यांदा घ्यायला आल्या तेव्हा माझ्या पाठीवर हात ठेवला.

आजींनी मला शेजारी बसवून घेतलं. घरात हसू होतं, रडूही होतं, दोन्ही एकाच खोलीत. कुणीतरी आजोबांची नक्कल केली, फुल्टनच्या स्टेशनवरच्या शिट्टीची, आणि नातवंडं खदखदून हसली. एक नात हातात वाटी घेऊन माझ्याजवळ आली आणि म्हणाली, आजोबा म्हणायचे तुमच्याकडे पण केळ्याची आगगाडी आहे, खरं? मी तिला सावद्याच्या वॅगनची गोष्ट सांगितली. तिने पुडिंग खात खात ऐकली. गोड तोंडाने दुःखात बसता येतं, आणि त्याने गेलेल्या माणसाचा मान कमी होत नाही, हे मला त्या खोलीत पटलं. आमची तेराव्याची रीतही मला तेवढीच खरी वाटते. तिथे गोड घास म्हणजे आता घराने पुन्हा उठायचं. इथे गोड घास म्हणजे तुम्ही एकटे नाही. दोन्हीची गरज असते.

निघताना बहिणीने सांगितलं, अंत्यविधी शनिवारी आहे, नंतर चर्चच्या हॉलमध्ये जेवण. दोन मोठे ट्रे आणशील का? आणि मग आवाज थोडा खाली आणून, ‘मेरिंग नको.’

दोन मोठ्या ट्रेना मिळून: कंडेन्स्ड मिल्कचे चार डबे, पुडिंगचे चार पुडे, क्रीम आठ कप, वेफरची पाच खोकी, केळी बारा-चौदा. केळी उद्याच आणायला हवीत, दुकानात हल्ली हिरवीच असतात आणि शुक्रवारपर्यंत ठिपके यायला हवेत. आजोबांच्या फोटोशेजारी एक अख्खी फणी ठेवावी असं मनात आहे. आजींना विचारून बघते.