अल अलामीन: रोमेल जिथं अडला

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाहून सकाळी साडेसहाला टॅक्सीनं निघालो. अल अलामीन तिथून पश्चिमेला सुमारे ११० किलोमीटर. दिवसभराचं भाडं आदल्या रात्रीच ठरवून घ्या, थांबण्याचे पैसे धरून. स्मारकं एकमेकांपासून लांब आहेत, पायी जमणार नाही.

शत्रूला बगल देऊन पाठीमागून गाठायचं, ही दुसऱ्या महायुद्धातला जर्मन सेनापती रोमेल याची खासियत. इथं ती का चालली नाही, हे जमीन पाहिल्यावर पटलं. उत्तरेला समुद्र, दक्षिणेला साधारण ६० किलोमीटरवर कत्ताराचा खोलगट भाग. तिथल्या खारट दलदलीतून रणगाडे जात नाहीत. वळसा घालायला वाटच नाही! त्यात पेट्रोलचा तुटवडा. २३ ऑक्टोबर १९४२ च्या रात्री ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीच्या तोफा धडाडल्या तेव्हा रोमेल आजारपणाच्या रजेवर ऑस्ट्रियात होता. तो २५ तारखेला परतला, पण ४ नोव्हेंबरला त्याला माघार घ्यावीच लागली.

युद्धसंग्रहालयाला तास-दीड तास पुरतो. राष्ट्रकुल दफनभूमीला मात्र दोन तास ठेवा. इथं सात हजारांवर थडगी आहेत. प्रवेशाजवळच्या भिंतींवर, ज्यांचा देह सापडला नाही अशा सुमारे १२ हजारांची नावं आहेत. मी मराठा लाइट इन्फंट्रीची शिळा शोधत होतो. २१ जून १९४२ ला रोमेलनं लिबियातलं तोब्रुक बंदर घेतलं. दुसऱ्याच दिवशी तो फील्ड मार्शल झाला. त्याच तोब्रुकमध्ये मराठा पलटणीची दुसरी बटालियन कैद झाली होती. बेळगावच्या पलटणीतली ती ओळखीची आडनावं मी बोट फिरवत वाचत गेलो. ऊन चढल्याचं भान राहिलं नाही. शेजारीच दहन झालेल्या सहाशेहून अधिक सैनिकांचं वेगळं स्मारक आहे. ते चुकवू नका. शिळेचा क्रमांक राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या (CWGC) संकेतस्थळावर घरूनच शोधून न्या, माझी अर्धी सकाळ त्यात गेली.

पश्चिमेला जर्मन स्मारक, अष्टकोनी गढीसारखं. आत ४,२०० सैनिक आहेत. रोमेल इथं नाही, त्याची कबर जर्मनीत हेर्लिंगेनला आहे. पुढचं इटालियन स्मारक घाईत पाहिलं.

पासपोर्ट जवळ ठेवा, वाटेत तपासणी होते. पाणी आणि टोपी हवीच. नोव्हेंबर ते मार्च हा काळ बरा. आणि डांबरी रस्ता सोडून फोटोसाठीही वाळूत उतरू नका. या भागात तेव्हाचे सुरुंग अजून निघतात. हाती आणखी एक दिवस असेल तर मर्सा मत्रूहला जा. तिथं रोमेलच्या मुख्यालयाची म्हणून दाखवतात ती गुहा आहे, आता संग्रहालय झालेली. ती उघडी आहे का, हे निघण्याआधी हॉटेलातून फोन करून विचारा.