पासष्ट हजारांचं भंगार

पॉलिसी इंग्रजीत, पंचनामा कन्नडात आणि भांडण मराठीत. आमच्या भागातला विम्याचा क्लेम असा तीन भाषांत चालतो. मी मोटार सर्व्हेअर. ठोकलेली गाडी बघायची, नुकसान लिहायचं आणि कंपनीने किती द्यावं याचा आकडा काढायचा. परवाना विमा नियामकाचा, फी कंपनीची आणि शिव्या गिऱ्हाइकाच्या. बेळगावात राहतो, पण निम्मं आयुष्य खानापूर ते महाराष्ट्राच्या सीमेवरचं कोगनोळी या पट्ट्यात रस्त्यावर जातं.

उसाचा हंगाम हा आमचाही हंगाम. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे ऊस इतका लोंबलेला की दिवा असला तरी झाकलेला, आणि रिफ्लेक्टरच्या नावाने कुठेतरी चिकटवलेली पट्टी. टायर फुटला की गाडी तिथेच रस्त्यावर उभी. मागे चार दगड मांडले की ड्रायव्हर मोकळा. जानेवारी २०२५ मध्ये निपाणी-चिकोडी रस्त्यावर अशाच एका ट्रॉलीला मागून जाऊन बसलेली वॅगन-आर माझ्या वाट्याला आली. २०११ ची, चंदेरी, के.ए. २३ नंबरची. मालक जवळच्या खेड्यातले निवृत्त प्राथमिक शिक्षक. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं, म्हणून मीही गुरुजीच म्हणतो. रात्री नऊला गाडी मुलगा चालवत होता. बेल्ट लावलेला होता, म्हणून गळ्याजवळच्या हाडावर निभावलं.

तवंदी घाट उतरून सकाळी साडेदहाला निपाणीत पोहोचलो. गॅरेज तंबाखूच्या एका जुन्या वखारीला लागून. तिथे आत शिरलं की आधी तंबाखूचा वास येतो आणि मग रंगाचा. गुरुजी स्टुलावर बसलेले, मांडीवर प्लास्टिकची फाईल. चौदा वर्षांच्या सगळ्या पॉलिसी तारखेवार लावलेल्या. एजंटाने मधे सांगितलं होतं म्हणे, जुन्या गाडीला थर्ड पार्टी बास झाली, कशाला पैसे घालता. गुरुजींनी ऐकलं नाही. एवढ्या जुन्या गाडीला पूर्ण विमा ठेवणारी माणसं मला फार भेटत नाहीत. बहुतेकांची फाईल मी न बघताच संपते, कारण स्वतःच्या गाडीचं नुकसान थर्ड पार्टीत मिळतच नाही.

गाडी पाच वर्षांची होईपर्यंत विम्यातली किंमत ठरवायचं कोष्टक असतं. पुढे ती कंपनी आणि मालक यांच्यात ठरवून लिहितात. इथे ती १,२०,००० लिहिलेली. दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे ९०,००० च्या वर गेला, की गाडी टोटल लॉसमध्ये जाते, म्हणजे दुरुस्तीऐवजी विम्यातली किंमतच द्यायची. अधिकृत वर्कशॉपचं एस्टिमेट १,९८,००० चं आलेलं. त्यातला घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, काढायला बसलो. दहा वर्षांवरच्या गाडीला पत्रा आणि लोखंडी भागांवर ५० टक्के घसारा, प्लास्टिक-रबरावर कायमच ५०, काचेवर शून्य. एवढं सगळं कापूनही आकडा १,२४,००० वर थांबला. माझ्या दृष्टीने गणित तिथेच संपलं होतं.

गुरुजींचं संपलं नव्हतं.

"साहेब, मेस्त्री नव्वद हजारांत करून देतो म्हणतो. कोल्हापुरातून जुने पार्ट आणायचे. तुम्ही काहीतरी मार्ग काढा."

मार्ग आहे. त्याला आम्ही नेट ऑफ साल्व्हेज म्हणतो. मोडकी गाडी मालकाने स्वतःकडे ठेवायची आणि कंपनीने ठरलेल्या किमतीतून त्या भंगाराची किंमत वजा करून बाकीचे पैसे द्यायचे. भंगाराची किंमत मी लावायची. साडेआठशे किलोच्या आसपासची गाडी लोखंडाच्या भावाने पंचवीसेक हजारांची. इंजिन, गिअरबॉक्स, मागची दारं आणि बऱ्यापैकी टायर धरून बेळगाव-कोल्हापूरच्या दोन-तीन नेहमीच्या व्यापाऱ्यांना फोन केला, तेव्हा ३८,००० वर एकमत झालं. १,२०,००० मधून मालकाने सोसायच्या सक्तीच्या कपातीचे १,००० गेले, ३८,००० गेले. राहिले ८१,०००. वर नऊ हजार घातले की गाडी पुन्हा दारात.

"बघा, नऊ हजारांचाच तर प्रश्न आहे," गुरुजी म्हणाले.

मी उत्तर देण्याआधी मेस्त्री टेप घेऊन आला. पन्नाशीचा माणूस, हात ग्रीसने काळे. बोनेट कधीच कापून बाजूला ठेवलेलं. त्याने पुढच्या डाव्या सस्पेन्शन टॉवरच्या बोल्टावर टेपचं टोक धरायला मला सांगितलं आणि स्वतः उजवीकडच्या मागच्या भोकापर्यंत माप घेतलं. मग उलट बाजूने.

"बावीस मिलिमीटरचा फरक हाय. गुरुजी, आयत कसा वळखायचा?"

गुरुजी गप्प.

"तुमीच शिकवलंय की चौथीत. कर्ण सारखं पायजेत. ह्येचं कर्ण जुळंनात. मी वढून आणतो, करतो की, पैसं मिळत्यात मला. खरं पोराला परत हीत बसवू नका."

त्याला काय म्हणायचं होतं ते मला गाडी बघतानाच दिसलं होतं. ड्रायव्हरचं दार धरून लावावं लागत होतं आणि लावलं तरी वरच्या कोपऱ्यात फट राहत होती. मागच्या दारावर छताच्या पत्र्याला बारीक लाट आलेली. ठोकर पुढे आणि लाट मागे, म्हणजे धक्का सगळ्या सांगाड्यातून फिरून गेलेला. पुढच्या दोन्ही लांब मेंबरांचं, म्हणजे सांगाड्याच्या तुळयांचं, काम ठरावीक क्रमाने चुरगळून धक्का खायचं. एकदा चुरगळलेला मेंबर गॅस लावून, तापवून सरळ केला की दिसायला सरळ होतो. पुढच्या वेळी तो कुठे आणि कसा वाकेल याची मात्र खात्री नाही. आणि या गाडीत एअरबॅग नाही. चालकाची एअरबॅग नव्या गाड्यांना सक्तीची झाली ती जुलै २०१९ पासून. त्याआधीच्या साध्या मॉडेलमध्ये मेंबर आणि बेल्ट, एवढंच काय ते संरक्षण.

शिवाय आर.सी.ची १५ वर्षं २०२६ मध्ये संपणार होती. मग फिटनेस, नूतनीकरणाचे पाच हजार, हरित कर. हे सगळं गुरुजींना सांगितलं. ते फाईलच्या कडेवरून अंगठा फिरवत ऐकत होते. मला वाटलं, झालं.

साडेबाराच्या सुमाराला दारात एक पांढरी गाडी थांबली. उतरलेला माणूस पांढऱ्या शर्टात, बूट पॉलिश केलेले. भंगारवाला असा नसतो. आमच्या धंद्यातला भंगारवाला आला की आधी गाडीखाली वाकतो, इंजिनला हात घालून हलवून बघतो, टायरवर लाथ मारतो आणि तोंड वाकडं करतो. या गृहस्थाने गाडीभोवती एक चक्करही मारली नाही. मराठी कोल्हापूरकडचं, आवाज मऊ.

"आर.सी. ओरिजिनल आहे ना? हप्ता वगैरे काही नाही? किल्ल्या दोन्ही?"

गुरुजींनी मान हलवली. त्याने मोबाईल काढून चेसिस नंबरचा फोटो घेतला, मग इंजिन नंबरचा.

"पासष्ट देतो. रोख. तुम्ही फक्त नाव बदलायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करून द्या. नाव-गाव मी नंतर भरून घेतो."

मेस्त्रीने माझ्याकडे बघितलं आणि हातातला पाना उगाच पुसायला लागला. गुरुजींचा मुलगा हात गळ्यात अडकवून बाकावर बसला होता, तो एकदम ताठ झाला. गणित त्यालाही येत होतं. कंपनीचे ८१,००० आणि याचे ६५,०००. १,४६,०००. अपघात झालेली गाडी अपघात न झालेल्या गाडीपेक्षा सव्वीस हजारांनी महाग.

इथे माझी खरी अडचण सुरू झाली. नियमाने मी भंगाराची बाजारात येईल ती किंमत लिहायची. माझ्या डोळ्यांसमोर ६५,००० ची बोली झाली होती. ती लिहिली तर गुरुजींना कंपनीकडून ५४,००० मिळणार आणि त्या माणसाचा भाव मी स्वतःच्या सहीने खरा ठरवणार. न लिहावी तर ऐकलेली बोली कंपनीपासून लपवल्यासारखं. तेवीस वर्षं हे काम करतोय, पण ३८ आणि ६५ मधला फरक कशाचा हे लिहायला रिपोर्टात रकाना नाही. लोखंडाचा तो नव्हता. लोखंडाकडे त्याने बघितलंही नव्हतं.

मी त्याला विचारलं, "गाडी दुरुस्त करून वापरणार?"

"हो, पार्टी आहे एक."

"कर्णात बावीस मिलिमीटरचा फरक आहे."

"चालतंय हो."

तो बाहेर फोनवर बोलायला गेला तेव्हा मी गुरुजींना म्हटलं, "मी सल्ला द्यायचा नसतो, पण कायदा सांगू शकतो." आणि सांगितलं. चोरीला गेलेल्या गाडीला कागद नसतात. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची, त्याच सालाची मोडकी गाडी कागदांसकट मिळाली, की तिचा नंबर चोरीच्या गाडीवर चढवता येतो. मोडकी गाडी मग सुट्या भागांत विरून जाते. हा माणूस तसलाच आहे असं मी म्हणत नाही, मी पोलीस नाही. पण गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचं असतं, परराज्यात गेली तर ४५ दिवसांत. कोऱ्या २९-३० वर सही केली, की कळवायचं काय आणि कुणाच्या नावाने? आर.सी.वर नाव तुमचंच राहणार. ती गाडी उद्या कुठे कुणाच्या अंगावर गेली, तर नुकसानभरपाईची नोटीस तुमच्या घरी येणार. गाडी हातोहात विकली गेली तरी रजिस्टरवर ज्याचं नाव तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय.

मुलगा म्हणाला, "सगळे अशाच सह्या देतात हो."

खरंच देतात. आमच्याकडे तर सीमा ओलांडली की विषय संपला अशी समजूत आहे. कोगनोळीच्या नाक्यापलीकडे गेलेल्या गाडीचं काय झालं हे इकडे कोण विचारतो? मुलाला मी उत्तर दिलं नाही. त्याचं हाड मोडलं होतं, गाडी गेली होती आणि समोर रोख पैसे होते.

गुरुजी मात्र वेगळंच बोलले. "चाळीस वर्षं मुलांना सांगितलं, कोऱ्या कागदावर सही करू नका. शाळेच्या हजेरीपटावर पण कधी केली नाही." मग थोडं थांबून, "टोटल लॉस म्हणजे नेमकं काय करायचं असतं?"

सांगितलं. १,१९,००० तुमचे. मोडकी गाडी कंपनीची. ती कायमची निकामी झाली म्हणून मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ खाली १४ दिवसांत आर.टी.ओ.ला कळवून आर.सी. जमा करायची, रद्द करून घ्यायची. नंबर मेला की गाडी खरोखरीची भंगार होते. मग ती ३८,००० ला जाते की ३५,००० ला, ती कंपनीची डोकेदुखी.

"म्हणजे सत्तावीस हजारांचं नुकसान," मुलगा पुटपुटला.

"तुझं नाव आहे का आर.सी.वर?" गुरुजींनी विचारलं. तो विषय तिथे संपला.

पांढऱ्या शर्टवाला परत आला. सत्तरपर्यंत चढला. गुरुजींनी नको म्हटल्यावर न चिडता नमस्कार करून गेला. हे मला जास्त खटकलं. घासाघीस करणारा माणूस जाताना एकदा तरी वळून बघतो.

मी चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली, ठसा घेतला. रिपोर्टात टोटल लॉस लिहिला, भंगार ३८,०००. खाली एक परिच्छेद वाढवला: पाहणीच्या वेळी कागदपत्रांसह ६५,००० ते ७०,००० ची बोली झाली, ती गाडीच्या अवस्थेशी जुळत नाही, आर.सी. रद्द केल्याशिवाय भंगार विकू नये. कंपनीतले साहेब लोक असले परिच्छेद वाचतात की नाही कोण जाणे. कन्नड पंचनाम्याचा सारांश मराठीत वाचून दाखवला, गुरुजींनी दोनदा ऐकला. ट्रॉलीला दिवा नव्हता हे त्यात होतं, म्हणून त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं. माझ्या क्लेमला त्याने फरक पडत नव्हता, पण ते मी बोललो नाही.

निघताना ते गाडीतलं सामान काढत होते. छत्री, एक चष्म्याची डबी, पेट्रोलच्या पावत्यांचा गठ्ठा. डिकीतून जॅक आणि पाना काढला, हातात तोलून बघितला आणि परत जागेवर ठेवला.

"हे गाडीबरोबर जायचं असेल ना?"

"हो गुरुजी."

संध्याकाळी तवंदी घाट चढताना फोन वाजला. अनोळखी नंबर, एम.एच. ०९ म्हणजे कोल्हापूरकडचा तोच मऊ आवाज. माझा नंबर त्याला कुणी दिला ते मी विचारलं नाही, गॅरेजच्या भिंतीवर माझं कार्ड चिकटवलेलं असतंच.

"साहेब, आजचं राहू दे. पण तुमच्याकडे अशा गाड्या येतात. २०११-१२ ची वॅगन-आर, चंदेरीच पाहिजे. सांगितलं तर तुमचं पण बघू."

मी गाडी कडेला घेतली. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर उतरत होता. बाजूने गेल्यावर वळून बघितलं, तर मागे दिवा नव्हता. नंबर लिहून घेतला. दोन्ही. एक ट्रॉलीचा, एक फोनचा.