तुम्ही विचारलंत म्हणून: सहा कोटी टनांतले सहा लाख टन

दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रातल्या क्रिल या कोळंबीसारख्या छोट्या जिवावर बोलून झाले की श्रोत्यांपैकी कोणीतरी हमखास विचारते, आणि विचारणाऱ्याला खरोखरच उत्तर हवे असते: "मॅडम, तिकडे सहा कोटी टन क्रिल आहे असे तुम्हीच सांगता, आणि पकडतात वर्षाला पाच-सहा लाख टन. म्हणजे शंभरातला एक. तेवढ्याने पेंग्विनांचे आणि देवमाशांचे असे काय बिघडणार आहे?" हिशेब बरोबर आहे. पण तो सबंध समुद्राचा आहे, आणि पिल्लू सांभाळणारा पेंग्विन सबंध समुद्रात जेवायला जात नाही. माझ्या उत्तराचा गाभा एवढाच आहे. तो नीट उलगडायला मात्र थोडा वेळ लागतो.

मी मत्स्यविज्ञान शिकवते. माझ्या टेबलावर फॉर्मॅलिनच्या बाटलीत एक क्रिल आहे, एका सहकाऱ्याने मोहिमेवरून आणून दिलेला. लांबी करंगळीएवढी, लाल ठिपक्यांचा रंग कधीच उडाला आहे, टिकले आहेत ते दोन टपोरे काळे डोळे. छातीखालच्या सहा जोड पायांना केसांची इतकी बारीक झालर आहे की ती पाहायला भिंग लागते. हे पाय मिटले की त्यांची टोपली होते आणि तिची उघडझाप करत हा प्राणी पाण्यातली सूक्ष्म शेवाळे गाळून खातो. आमच्या रत्नागिरीकडची मुले बाटली पाहताच "हा तर जवळा" असे म्हणतात. रूप तसे आहे, नाते मात्र लांबचे. जवळा वर्षाच्या आत आपले आयुष्य पुरे करतो. क्रिल पाच-सहा वर्षे जगतो, आणि त्याच्या पिल्लांना पहिला हिवाळा काढायला समुद्रावरच्या बर्फाचा आधार लागतो, कारण त्या दिवसांत ती बर्फाच्या खालच्या बाजूला वाढलेले शेवाळ खातात. एखाद्या वर्षी बर्फ कमी धरला की नव्या क्रिलची भरही कमी पडते. तेव्हा सहा कोटी टन हा आकडा दरवर्षी तसाच राहील असे धरून चालत नाही.

शिवाय खाणारे पुष्कळ आहेत. अॅडेली, चिनस्ट्रॅप आणि जेंटू हे पेंग्विन, फर सील, निळा देवमासा, फिन देवमासा, हम्पबॅक हे सारे क्रिलवर जगतात. 'खेकडेखाऊ' असे नाव पडलेल्या क्रॅबईटर सीलचे मुख्य अन्नही क्रिलच आहे आणि त्याचे कंगोरेदार दात चाळणीचे काम करतात. विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात सुमारे वीस लाख देवमासे मारले गेले. त्यांतल्या हम्पबॅक आणि फिन देवमाशांची संख्या आता कुठे सावरते आहे. ज्याला आपण 'उरलेला साठा' म्हणतो, त्याचे जुने हक्कदार परत येत आहेत, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

सोव्हिएत जहाजांनी सत्तरच्या दशकात क्रिल मोठ्या प्रमाणावर पकडायला सुरुवात केली, तेव्हाच ही काळजी पुढे आली. १९८० साली कॅनबेरा येथे अंटार्क्टिक समुद्रातील जीवसंपत्तीच्या जतनाचा करार झाला, १९८२ मध्ये तो अमलात आला, आणि त्याचा आयोग टास्मानियातील होबार्ट येथून काम पाहतो. या कराराचे वेगळेपण असे की पकडल्या जाणाऱ्या जिवाइतकाच त्याला खाणाऱ्या जिवांचाही विचार करणे त्यात बंधनकारक आहे. एरवी मासेमारीच्या गणितात निम्मा साठा उरला तरी पुरेसा मानण्याची रीत आहे. क्रिलच्या बाबतीत भक्षकांसाठी तीन चतुर्थांश साठा राहिला पाहिजे असे ठरले. २००० सालच्या पाहणीत अटलांटिक महासागराच्या दक्षिण टोकाकडील भागात ६ कोटी ३ लाख टन क्रिल मोजला गेला, त्यावरून शेकडा ९.३ या दराने ५६ लाख १० हजार टनांची मर्यादा निघाली. तरीही आयोगाने तेवढी पकड होऊ दिलेली नाही. ही मर्यादा लहान लहान क्षेत्रांत वाटून देईपर्यंत ६ लाख २० हजार टनांपुढे कोणी जायचे नाही, असे बंधन घातले. हा आकडा भक्षकांची भूक मोजून काढलेला नाही. निरनिराळ्या भागांत पूर्वी एकेका हंगामात झालेल्या सर्वांत मोठ्या पकडींची ती बेरीज आहे. तात्पुरता म्हणून आलेला हा आकडाच पुढे कायम होऊन बसला.

आता पेंग्विनाकडे वळते. ऑस्ट्रेलियाच्या अंटार्क्टिकावरील मॉसन तळाजवळ बेशर्व्हेझ नावाचे छोटे बेट आहे. तिथे अॅडेली पेंग्विनांच्या ये-जा करण्याच्या वाटेवर संशोधकांनी वजनकाटा बसवला. पक्षी समुद्राकडे जाताना त्यावरून चालत जातो, परतताना पुन्हा त्यावरूनच येतो. अंगातल्या खुणेवरून तो कोणता हे कळते आणि वजनांतल्या फरकावरून त्याने पिल्लासाठी किती घास आणला ते कळते. १९९४-९५ च्या हंगामात या वसाहतीत जवळपास एकही पिल्लू वाचले नाही. मोठे पक्षी नेहमीपेक्षा दूर जात होते, उशिरा परतत होते, आणि तोवर पिल्ले उपाशी मरत होती. तिथे त्या वेळी मासेमारीचा दोष नव्हता, जवळपास क्रिलच नव्हता. जहाजे जेव्हा वसाहतीसमोरचे पाणी उपसतात तेव्हा भीती असते ती नेमकी याच गोष्टीची. पंपाला जोडलेले जाळे दिवसेंदिवस पाण्यातच राहते आणि क्रिल नळीतून थेट जहाजावर येत राहतो, आणि जहाजे स्वाभाविकच दाट थव्यांवर जातात, म्हणजे भक्षक जातात तिथेच. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या परिसरातील तीसहून अधिक वर्षांच्या नोंदींवर आधारलेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की स्थानिक पकडीचे प्रमाण वाढते तेव्हा पेंग्विनांवरचा परिणाम प्रतिकूल हवामानाइतकाच मोठा असू शकतो, मग एकंदर साठ्याशी तुलना करता पकड कितीही किरकोळ दिसो.

एकदा हे सांगत असताना डोल लावणारे एक वयस्कर काका मागच्या रांगेतून म्हणाले, "म्हणजे त्यांनी टन बांधले, दर्या नाही बांधला." आपल्याकडे १ जूनपासून होड्या किनाऱ्याला लागतात, कारण नुसते किती पकडले याने भागत नाही, केव्हा आणि कुठे हेही पाहावे लागते, हे त्यांना मी शिकवण्याची गरज नव्हती.

२००९ साली आयोगाने दर्या थोडाफार बांधलाही होता: ६ लाख २० हजारांपैकी द्वीपकल्पाच्या भागातून जास्तीत जास्त १ लाख ५५ हजार टन. २०२४ च्या बैठकीत या वाटणीला मुदतवाढ देण्यावर एकमत झाले नाही आणि ती संपुष्टात आली. या आयोगात एका सदस्याचा नकारही पुरतो. पुढच्याच हंगामात एकूण मर्यादा प्रथमच पूर्ण भरली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मासेमारी मुदतीआधी थांबवावी लागली. याचा मला मनापासून खेद वाटतो. २०१८ पासून बहुतेक कंपन्या वसाहतींजवळचे पाणी पिल्लांच्या काळात स्वेच्छेने टाळतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण पिल्ले पाण्यात उतरल्यावर, मार्चपासून पुढे, हम्पबॅक त्याच खाड्यांत लांबच्या प्रवासासाठी चरबी साठवत असतात आणि जहाजेही तेव्हाच तिथे गर्दी करतात. २०२१ साली अशा जाळ्यांत हम्पबॅकची पिल्ले मेलेली सापडली.

"मग सरसकट बंदीच का नको?" हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. मी बंदी मागत नाही. लहान क्षेत्रांची वेगवेगळी मर्यादा, ती पेंग्विन आणि देवमासे यांच्या वेळापत्रकाशी जुळवलेली, आणि चिली व अर्जेंटिना यांनी २०१८ मध्ये मांडलेले द्वीपकल्पाभोवतीचे संरक्षित क्षेत्र, एवढे झाले तरी तिथे काही प्रमाणात मासेमारी चालू शकेल असे मला वाटते. भारत या आयोगाचा सदस्य आहे, आणि पूर्व अंटार्क्टिका व वेडेल समुद्र येथील संरक्षित क्षेत्रांच्या प्रस्तावांना त्याने २०२१ मध्ये आपले नाव जोडले आहे. होबार्टच्या बैठकीत भारताने द्वीपकल्पाच्या प्रस्तावालाही तसेच नाव जोडावे, आणि त्याआधी २०२४ मध्ये गमावलेली ती वाटणी परत मागावी, अशी माझी इच्छा आहे.