तुम्ही विचारलंत म्हणून : आइस हॉकीचे संघ शहर का सोडतात?

कॅनडात राहायला आल्यापासून नातेवाईक आणि इथे नव्याने येणारी मराठी मंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात. आइस हॉकीचा एवढा मोठा व्यावसायिक संघ एका शहरातून उठून दुसरीकडे जातोच कसा, आणि प्रेक्षक येत नाहीत म्हणूनच तो जातो का? विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा रणजी करंडक असतो. मुंबईचा संघ मुंबई क्रिकेट असोसिएशनचा असल्यामुळे तो उद्या लखनौला जाईल, अशी कल्पनाही आपण करू शकत नाही. उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, विशिष्ट शहरात संघ चालवण्याचा हक्क लीग एखाद्या मालकाला देते, आणि लीगची संमती असेल तर तो हक्क हलवताही येतो. जर्सीवर शहराचे नाव असले, तरी सातबारा मालकाच्याच नावावर असतो.

प्रेक्षकांची उदासीनता हे स्थलांतराचे एकमेव कारण क्वचितच असते; घोडे बहुतेक वेळा अडते ते इमारतीपाशी. अमेरिकन फुटबॉलच्या संघांना दूरचित्रवाणीच्या हक्कांतून जेवढा पैसा मिळतो, तेवढा हॉकीच्या संघांना मिळत नाही, त्यामुळे त्यांचा संसार बराचसा तिकिटे, कंपन्यांनी वर्षभरासाठी घेतलेले आलिशान कक्ष, खाद्यपेये आणि पार्किंग यांवर चालतो. अरेना, म्हणजे सामने होतात ते बंदिस्त क्रीडागृह, दुसऱ्याची असेल आणि हे उत्पन्न त्याच्या खिशात जात असेल, तर खेळ कितीही रंगला तरी मालकाचा ताळेबंद जुळत नाही.

कॅनडातला विनिपेग जेट्स हा संघ 1996 मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्सला गेला, तेव्हा नेमके हेच घडले होते. जुन्या अरेनात एलिझाबेथ राणीचे अवाढव्य चित्र टांगलेले असे, पण पैसा मिळवून देणारे आलिशान कक्ष तिथे पुरेसे नव्हते. शिवाय खेळाडूंचे पगार अमेरिकन डॉलरमध्ये द्यावे लागत, तिकिटांचे पैसे मात्र कॅनेडियन डॉलरमध्ये येत, आणि तो डॉलर त्या काळी 73 अमेरिकन सेंटच्या आसपास होता. संघ वाचवण्यासाठी 1995 मध्ये हजारो लोक एकत्र आले, मुलांनी खाऊच्या पैशांचे गल्लेसुद्धा आणून दिले, तरीही ते गणित सुटले नाही. कॅनडातलाच दुसरा संघ क्वेबेक नॉर्डिक्स त्याच सुमारास, 1995 मध्ये, अमेरिकेतल्या डेन्व्हरला गेला आणि दुसऱ्याच वर्षी त्याने स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, जिंकला. क्वेबेकवासीयांच्या जखमेवर याहून जास्त मीठ कोणी चोळू शकले असते असे मला वाटत नाही.

फिनिक्समध्येही इमारतीने पाठ सोडली नाही. तिथली पहिली अरेना बास्केटबॉलसाठी बांधलेली असल्याने काही आसनांवरून बर्फाचा सगळा भाग दिसतच नसे. पुढे संघ ग्लेंडेलला गेला, पण ते उपनगर पश्चिमेला आणि बरेचसे चाहते पूर्वेकडच्या वस्त्यांमध्ये, असा प्रकार झाला. 2009 मध्ये मालकाने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा ब्लॅकबेरी फोनवाले जिम बाल्सिली यांनी संघ विकत घेऊन कॅनडातल्या हॅमिल्टनला नेण्याचा प्रयत्न केला. मात्र लीगने विरोध केला आणि न्यायालयानेही तो प्रस्ताव फेटाळला. पुढे ग्लेंडेलने करार संपवल्यावर हा संघ 2022 पासून टेंपी येथील विद्यापीठाच्या सुमारे 4,600 आसनांच्या सभागृहात खेळू लागला. जगातील अव्वल मानल्या जाणाऱ्या लीगचे सामने अशा जागेत व्हावेत, हे पाहताना मलाच अवघडल्यासारखे होई. मे 2023 मध्ये टेंपीच्या मतदारांनी नव्या अरेनाचा प्रस्ताव नाकारला आणि एप्रिल 2024 मध्ये खेळाडू, करार असे सगळे बिऱ्हाड सॉल्ट लेक सिटीला हलले. मतदारांना मी दोष देणार नाही, कारण अब्जाधीशाच्या प्रकल्पाला करांत सवलत द्यायची की नाही, हे ठरवण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता.

अटलांटाची गोष्ट याहून वेगळी आहे. तिथे हॉकी, बास्केटबॉल आणि अरेनाचे संचालन हे सगळे एकाच मालकगटाकडे होते. त्यांनी 2011 मध्ये तोट्यातला हॉकी संघ विकला आणि बाकीचे दोन्ही स्वतःकडे ठेवले. नव्या मालकांनी तो संघ विनिपेगला नेला. तोवर तिथे 2004 मध्ये नवी अरेना उभी राहिली होती, कॅनेडियन डॉलर अमेरिकन डॉलरच्या बरोबरीला आला होता आणि 2005 पासून खेळाडूंच्या एकूण पगारावर मर्यादाही लागू झाली होती. विनिपेगकरांचे हॉकीवेड 1996 मध्येही तेवढेच होते. बदलली होती ती आजूबाजूची परिस्थिती.

प्रत्यक्ष स्थलांतरापेक्षा त्याची धमकी अधिक वेळा कामी येते, हे मात्र कोणी विचारत नाही. पिट्सबर्ग पेंग्विन्स या संघाचे सहमालक मारिओ लेम्यू यांनी 2007 च्या सुमारास कॅन्सस सिटीशी बोलणी केली, आणि पिट्सबर्गला नव्या अरेनाचा करार पदरात पडल्यावर, आपला जाण्याचा विचार नव्हताच, ते केवळ दबावासाठी होते, हे त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकले. पिट्सबर्गची अरेना 2010 मध्ये सुरू झाली. कॅन्सस सिटीची स्वतःची नवी अरेना तर 2007 पासूनच उभी आहे. 1976 मध्ये त्या शहरातून गेलेली एनएचएल मात्र तिथे अद्याप परतलेली नाही.