टर्नटेबलचा शोध : तिसरा रविवार

अॅम्प्लिफायर आणि स्पीकर जागेवर बसल्याचं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. टर्नटेबल, म्हणजे तबकडी फिरवून वाजवणारं यंत्र, तेवढा राहिला होता, तो काल घरी आला. त्याआधी दोन नाकारले. त्यातल्या पहिल्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण त्याच्या रूपाला मी जवळजवळ भुललो होतो.

धरमपेठेत एका काकांकडे तो होता. मुलाने अमेरिकेहून आणलेला, सोबत स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर. कुठे ओरखडा नाही, झाकण लख्ख. "लावून तर पाहा न भाऊ," काका म्हणाले. मी माझी नेहमीची ख्यालाची तबकडी नेली होती. गायकाचा षड्ज (सा) पेटीच्या काळी एकचा. इथे तो काळी पाचला उतरलेला, लयही जड. आधी बेल्टवर, म्हणजे मोटरने तबकडी फिरवणाऱ्या रबरी पट्ट्यावर, संशय गेला. मग यंत्र उलटं करून त्याची माहितीपट्टी वाचली: 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं).

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, हर्ट्झ बदलत नाही. जुन्या एसी सिंक्रोनस (विजेच्या तालावर फिरणाऱ्या) मोटरचा वेग विजेच्या हर्ट्झवर चालतो आणि आपल्याकडे 50 आहेत. म्हणून मिनिटाला 33⅓ फेऱ्यांऐवजी जेमतेम 28. आणि 60ला 50 म्हणजे 6:5, षड्जाशी कोमल गंधाराचं जे नातं तेच! सूर नेमका तेवढाच खाली आला होता. डीसी मोटर किंवा क्वार्ट्झ लॉक (स्फटिकाच्या तालावर वेग धरणारी सोय) असेल तर ही अडचण येत नाही. या मोटरला 50 हर्ट्झची पुली (बेल्ट जिच्यावर चढतो ती चकती) लागली असती, ती मिळेना. काकांना कारण सांगितलं, चहा घेतला, निघालो.

दुसरा इतवारीत, सिरॅमिक काट्रिजचा (काट्रिज म्हणजे सुईची कंपनं विजेत बदलणारा भाग), देखणी लाकडी पेटी. पण सुईचा भार फार, आणि माझ्या तबकड्या वडिलांच्या आहेत. सोडला.

तिसरा महालातल्या एका वाड्यातून घेतला. 220 व्होल्ट, 50 हर्ट्झ, बेल्ट ड्राइव्ह. बेल्टचं डांबर झालेलं. नागपूरचे इतके मे महिने काढल्यावर रबराचं दुसरं काय होणार? त्याची चिंता केली नाही, बेल्ट नवा मिळतो. बेअरिंग आणि टोनआर्म (सुई धरणारा दांडा) मात्र नवे मिळणं कठीण, म्हणून वेळ तिथे घालवला. प्लॅटर, म्हणजे तबकडी ठेवायची थाळी, हाताने फिरवून कान लावला: खरखर नाही. टोनआर्म सांध्याशी हलकेच हलवून पाहिला: खेळ नाही. वजन मागे सरकवून तो अधांतरी तोलला, तर कुठेही न अडकता डोलत राहिला. सुई मेलेलीच धरून चाललो, नवी घातली, भार 2 ग्रॅम.

फोनो प्रीअॅम्प, म्हणजे काट्रिजचा क्षीण सिग्नल आधी वाढवणारी पेटी, वेगळा घ्यावा लागला. मूव्हिंग मॅग्नेट (हलत्या चुंबकाचं) काट्रिज जेमतेम 4-5 मिलिव्होल्ट देतं. शिवाय तबकडी कापताना खर्ज दाबलेला आणि वरचे सूर उचललेले असतात, ते आरआयएए वक्राने, म्हणजे त्याच्या नेमक्या उलट ठरलेल्या प्रमाणाने, पूर्ववत करावे लागतात. थेट अॅम्प्लिफायरच्या ऑक्समध्ये (साध्या इनपुटमध्ये) लावलं की आवाज किरटा आणि दुबळा येतो.

रात्री कूलर सुरू केला आणि स्पीकरमधून घरघर आली. कूलरचा स्टँड आणि माझी फळी एकाच भिंतीला टेकलेले. फळी हलवली, टर्नटेबलखाली ओट्याच्या कामातून उरलेला कडप्पा आणि त्याखाली रबराचे तुकडे ठेवले. घरघर गेली.

आज वेग तपासायची 180 ठिपक्यांची स्ट्रोब चकती छापून आणली; विजेबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली वेग बरोबर असेल तर ठिपके स्थिर दिसतात. एलईडीखाली काही कळेना, म्हणून मागच्या खोलीतल्या जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली ठेवली. ठिपके अगदी हळू मागे सरकताहेत, म्हणजे वेग किंचित कमी. नवा बेल्ट थोडा सैल असावा. उद्या एक माप लहान आणतो.