तांबोशीच्या दातांना पुरून उरलेली फ्लाय

गेल्या ऑगस्टमध्ये एका टोळानं, म्हणजे लांब चोचीच्या दातेरी माशानं, माझी पहिली फ्लाय (गळावर बांधलेलं खोटं आमिष) दोन झटक्यांत संपवली. गळ परत आला, पण त्यावरचा निळा फोम मालवणजवळच्या कालावल खाडीच्या ओहोटीबरोबर समुद्राकडे निघाला आणि बराच वेळ डोळ्यांसमोर तरंगत राहिला. मासा सुटल्याचं वाईट वाटलंच, पण आपल्याच खाडीत आपण कचरा टाकला हे जास्त लागलं. पावसानंतर तोंडवळीच्या वाळूत चपलांचे किती तुकडे येऊन पडतात ते मी बघतो. त्यात माझी भर नको. बांधायची तर न तुटणारी बांधायची, असं तेव्हाच ठरवलं.

आमच्याकडे गरवायला जाताना गरीला कोळंबी लावतात. फ्लाय म्हणजे पिसं, केस, फोम असं काहीबाही गळावर दोऱ्यानं बांधून केलेलं खोटं आमिष. तिला स्वतःचं वजन जवळजवळ नसतं, रॉडचा जाड दोरच तिला ओढून पुढे नेतो. मी बांधतो तो प्रकार अमेरिकेतल्या बॉस्टनच्या जॅक गार्टसाइड यांचा, गर्गलर. फोमची पट्टी पाठीवरून दुमडून पुढे आणायची आणि तोंडाशी तिचा ओठ उभा ठेवायचा. दोर खेचला की ओठ पाणी ढकलतो आणि ‘बुडुक’ असा आवाज होतो. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात हा आवाज फार कामाचा.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत मी पडवीत वाईस (गळ घट्ट धरून ठेवणारा शिकंजा) लावून बसलो. फोम स्टेशनरीच्या दुकानातला, २ मिलिमीटर जाडीचा. पॅकिंगमधला पांढरा फोम फुकट मिळतो, पण त्याला गोंद धरत नाही. परदेशात शेपटीला हरणाचे केस वापरतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालापासून आहे, त्यामुळे त्या वाटेला गेलोच नाही. बोकडाच्या शेपटीचे केस आणि गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं साबणानं धुऊन वाळवली. काम उत्तम झालं.

खरी झटापट दोऱ्याशी झाली. फ्लाय पक्की व्हावी म्हणून मी बारीक दोरा करकचून आवळायचो आणि तो सुरीसारखा फोम कापत जायचा. वरून दिसायचं नाही, पण जरा ओढलं की पट्टी तिथेच दोन तुकडे. मग २१० डेनियर जाडीचा, न पिळलेला नायलॉन दोरा मागवला. तरी कापायचाच. एका संध्याकाळी दिव्याखाली बारकाईनं बघितलं तेव्हा लक्षात आलं की प्रत्येक वेढ्यागणिक दोऱ्याला पीळ पडतो आणि चपटा दोरा गोल होत जातो. आता दर दहा-बारा वेढ्यांनी दोऱ्याची रिळी लोंबकळत सोडतो आणि उलटी फिरवून पीळ काढतो. दोरा फितीसारखा पसरतो. पहिले दोन वेढे नुसते टेकवायचे, तिसऱ्यापासून हळूहळू ताण द्यायचा. फोम दबतो, पण कापला जात नाही.

मग दुसरं दुखणं. फोम गळाच्या दांड्याभोवती गरगर फिरायचा. शेजारचे तात्या आयुष्यभर हातदोरीनं गरवत आले आहेत. ते पायरीवर बसून बघत होते.

“रे, चपलेचो तुकडो मासो कित्याक खातलो?”

“तात्या, खाऊक नको. नुसतो धरलो तरी पुरे.”

त्यांनी फ्लाय हातात घेतली, फोम फिरवून बघितला. “गुळगुळीत लोखंडार काय रवतला? आधी सूत गुंडाळ.”

मी दांड्यावर तीन-चारच वेढे देत होतो. आता आख्खा दांडा दोऱ्यानं मढवतो, उलट जाऊन आडवेतिडवे वेढे देतो, त्यावर फेव्हिक्विकचा थेंब टाकतो आणि तो ओला असतानाच पट्टी बसवतो. हा गोंद दमटपणानं सुकतो, त्यामुळे जुलैत तो क्षणात धरतो. हात आधीच जागेवर असावा लागतो. जास्त पडला तर पांढरी झाक येते, म्हणून थेंब सुईच्या टोकानं. शेवटी दोऱ्याच्या वेढ्यांवर ॲराल्डाइटचा पातळ थर, कारण दात आधी दोराच तोडतात. पट्टी गळाच्या तोंडापेक्षा रुंद ठेवली तर मासा लागत नाही, हेही दोन मासे सुटल्यावर कळलं.

यंदा ऑगस्टमध्ये ओहोटीच्या शेवटी, चिपीच्या (खारफुटीच्या) झाडांतून व्हाळ खाडीला मिळतो तिथे फ्लाय टाकली. दोनदा बुडुक केलं. तिसऱ्यांदा पाणी फाटलं आणि दोर सरळ मुळांकडे धावला. तांबोशी (तांबूस रंगाचा मासा) मुळांत शिरली की संपलं, म्हणून रॉड आडवा धरून मागे सरत राहिलो. किलोभराची होती. खाडीतली तांबोशी लहान वयाची असते, मोठी झाली की बाहेर खडकांवर जाते. सोडून दिली.

सोडवताना पक्कड फोमला लावायची नाही, गळाच्या बाकाला लावायची. माझ्या निम्म्या फ्लाय माशांनी नाही, माझ्याच पकडीनं फाडल्या होत्या. घरी आल्यावर गोड्या पाण्यात धुऊन सावलीत सुकवतो. उन्हात फोम आकसतो. ओली फ्लाय डबीत बंद केली तर गंज शेजारच्या गळांनाही लागतो.

त्या एकाच फ्लायवर आतापर्यंत नऊ मासे आले, त्यांत तीन टोळ. ओठावर दातांची चार भोकं आहेत, पण फोम दांड्यावर जागचा हललेला नाही. तात्यांनी ती भोकं बोटानं चाचपली.

“माका एक बांधून दी.”

हातदोरीनं इतकी हलकी फ्लाय फेकता येणार नाही, होडीमागून सोडावी लागेल. त्यांच्यासाठी ओठ थोडा रुंद कापलाय. शेपटीची पिसं अजून वाळतायत.